तीन मागणीदार, एक मेमरी : क्लॉकविना आर्बिटरच्या नोंदी

४ जून

चिपवर क्लॉक, म्हणजे सगळ्या ब्लॉकना एकच ठोका देणारा सिग्नल, नसेल, हे आता पक्के झाले. ब्लॉक एकमेकांशी चार टप्प्यांच्या हँडशेकने बोलतील. रिक्वेस्ट (मागणी) वर, ॲकनॉलेज (पावती) वर, रिक्वेस्ट खाली, ॲकनॉलेज खाली. वर म्हणजे तारेवर १, खाली म्हणजे ०. डेटा बंडल्ड पद्धतीचा, म्हणजे डेटाच्या तारांसोबत रिक्वेस्टची एक तार, आणि डेटा स्थिरावेपर्यंत तिला थोपवून धरणारी डिले लाइन. आतापर्यंतचे सगळे जोड एकास एक होते, एक देणारा आणि एक घेणारा, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच आला नव्हता.

आता मेमरी आली आणि तिला पोर्ट एकच. वापरणारे तिघे : सेन्सरचे नमुने लिहिणारा ब्लॉक, ते वाचून फिल्टर चालवणारा ब्लॉक आणि सिरियल पोर्टमधून डेटा बाहेर देणारा ब्लॉक. कोण कधी येईल याला काही धरबंध नाही.

क्लॉक असता तर प्रत्येक ठोक्याला कोणाकोणाची रिक्वेस्ट वर आहे ते पाहिले, प्राधान्य लावले, विषय संपला. इथे पाहायला ठोकाच नाही. दोन रिक्वेस्ट एकमेकींच्या कितीही जवळ येऊ शकतात आणि आधी कोण आली हे सर्किटलाच ठरवावे लागणार. असे ठरवणारे सर्किट म्हणजे आर्बिटर.

७ जून

आर्बिटर टाळता येईल का, यावर आज बराच खल झाला. सर्वात सरळ उपाय म्हणजे ठरावीक पाळी : सेन्सर, फिल्टर, सिरियल, पुन्हा सेन्सर. यात निवडच नाही, म्हणून आर्बिटरही नको. पण ज्याची पाळी आहे तो आलाच नाही तर बाकीचे दोघे ताटकळणार. सिरियल पोर्टला बाहेरून कोणी काही विचारलेच नाही तर सेन्सरही बंद. बाद.

मग टोकन फिरते ठेवावे, ज्याला हवे असेल त्याने अडवावे, नको असेल त्याने पुढे सोडावे, अशी सूचना आली. कागदावर छान दिसते. पण टोकन दाराशी आले त्या क्षणी रिक्वेस्ट आहे की नाही, हे तिथेही कुणाला तरी ठरवावे लागते आणि रिक्वेस्ट नेमकी त्याच क्षणी वर येऊ शकते. म्हणजे एका आर्बिटरऐवजी तीन झाले. निवड टळत नाही, फक्त जागा बदलते. त्यापेक्षा ती एकाच जागी असलेली बरी. बाकी सर्किटमध्ये 'हे आधी की ते आधी' असा प्रश्न कुठेही उरता कामा नये. ही अट आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

१२ जून

गाभा ठरला : दोन इनपुटांचा म्यूटेक्स, म्हणजे दोघांपैकी एका वेळी एकालाच पुढे सोडणारे सर्किट. दोन नँड गेट (सगळे इनपुट वर असतील तरच आउटपुट खाली नेणारे) एकमेकांत अडकवायचे, त्यांच्या मोकळ्या पायांवर आर१ आणि आर२ या रिक्वेस्ट द्यायच्या. दोन्ही रिक्वेस्ट खाली असताना या जोडीचे, म्हणजे लॅचचे, दोन्ही नोड (गेटांची आउटपुटे) वर असतात. एक रिक्वेस्ट आली की तिचा नोड खाली जातो आणि दुसरीची वाट बंद होते. दोन्ही जवळपास एकाच वेळी आल्या की दोन्ही नोड खाली यायला निघतात आणि मधल्याच कुठल्यातरी व्होल्टेजवर रेंगाळतात. हीच मेटास्टेबिलिटी. केव्हातरी नॉइजच्या धक्क्याने तोल जातो आणि एक बाजू जिंकते. केव्हा, याला वरची मर्यादा नाही.

चेनी आणि मोल्नार या संशोधकांनी १९७३ मध्ये सिंक्रोनायझर (बाहेरचा सिग्नल क्लॉकच्या ठोक्याशी जुळवणारे सर्किट) आणि आर्बिटर असे रेंगाळतात हे मोजून दाखवले. तोवर पुष्कळांचा यावर विश्वास नव्हता. आजही 'जरा जास्त वेगवान गेट लावा' असा सल्ला मिळतोच. वेगवान गेटने रेंगाळण्याची शक्यता घटते, शून्य होत नाही.

रेंगाळणे बाहेर दिसू न देणे मात्र आपल्या हातात आहे. त्यासाठी साइट्झ यांचा फिल्टर. प्रत्येक नोडपुढे एक इन्व्हर्टर (सिग्नल उलटा करणारा गेट), त्याचे आउटपुट म्हणजे ग्रँट, मागणीदाराला मिळणारी परवानगी : जी१ आणि जी२. पण इन्व्हर्टरच्या वर ओढणाऱ्या पी-ट्रान्झिस्टरला पुरवठा पॉवरच्या तारेवरून न देता समोरच्या नोडवरून द्यायचा. जी१ चा इन्व्हर्टर नोड १ वाचतो आणि नोड २ वर जगतो. दोन नोडांमधला फरक ट्रान्झिस्टरच्या थ्रेशोल्डहून मोठा झाल्याशिवाय तो ट्रान्झिस्टर चालूच होत नाही, म्हणून नोड मध्यावर अडकलेले असेपर्यंत दोन्ही ग्रँट खालीच राहतात. निर्णय पुरा झाला की एकच ग्रँट वर येते आणि तीही स्वच्छ.

क्लॉकवाल्या जगाशी तुलना केली की हिशेब उलटा दिसतो. तिथे दोन फ्लिप-फ्लॉपचा (ठोक्याला इनपुट टिपून धरणाऱ्या सर्किटांचा) सिंक्रोनायझर निर्णयाला ठरावीक वेळ देतो. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर चुकीची किंमत पुढे जाते, म्हणून सरासरी किती वर्षांनी एकदा चूक होईल ते मोजायचे. इथे चूक होत नाही, उशीर होतो. पुढचे सगळे सर्किट ग्रँटची वाट पाहत शांत उभे असते.

१८ जून

म्यूटेक्सचे स्पाइस सिम्युलेशन, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या पातळीवरचे, १.८ व्होल्टवर. दोन रिक्वेस्टमधले अंतर कमी कमी करत गेलो, पण एका मर्यादेखाली सिम्युलेटरची वेळेची पायरीच आडवी येते. म्हणून दुसरी वाट धरली. दोन्ही नोड एका आदर्श स्विचने जोडून मध्यावर आणायचे, त्यांत अगदी थोडा फरक ठेवायचा आणि स्विच उघडायचा. फरक दर खेपेस दहापट कमी. सुरुवातीच्या फरकाचा लॉगॅरिदम एका अक्षावर, निर्णयाला लागलेला वेळ दुसऱ्या अक्षावर. ठिपके सरळ रेषेत बसले. तिच्या उतारावरून टाऊ मिळतो, लॅचचा वेळ-स्थिरांक. फरक दहापट घटला की निर्णयाला २.३ टाऊ जास्त लागतात.

रेंगाळायला लागल्यावर निर्णय टी वेळेपलीकडे लांबण्याची शक्यता टी भागिले टाऊ या प्रमाणात घातांकी घटते. ३० टाऊ थांबायची तयारी असेल तर ती शक्यता दहाच्या उणे तेराव्या घाताच्या आसपास येते. आपण तर कितीही थांबायला तयार आहोत. बहुतेक वेळा मात्र थांबावे लागणारच नाही.

साइट्झचा फिल्टर स्टँडर्ड सेलमधून, म्हणजे तयार गेटांच्या साठ्यातून, करायचा झाला तर चार पायांचा नॉर गेट, चारही पाय एकत्र बांधून. वर ओढणारे ट्रान्झिस्टर एकावर एक रचलेले म्हणून दुबळे, खाली ओढणारे समांतर म्हणून दणकट. त्यामुळे त्याचा थ्रेशोल्ड मध्याच्या बराच खाली जातो आणि मध्यावर रेंगाळणारा नोड त्याला 'वर' असाच दिसतो. चालते, पण प्रोसेसच्या प्रत्येक कॉर्नरला, म्हणजे ट्रान्झिस्टर वेगवान किंवा संथ निघण्याच्या टोकाच्या स्थितीला, तपासून घ्यावे लागते. आम्ही साइट्झचा सेलच हाताने आखणार आहोत. एकदाच आखायचा आहे, कंटाळा कशाला?

२१ जून

छोटी नोंद. डिजिटल सिम्युलेटरमध्ये नँडची जोडी जशीच्या तशी घातली आणि दोन्ही रिक्वेस्ट एका क्षणी दिल्या तर लॅच अखंड हेलकावे खात बसतो, कारण दोन्ही गेटांचा विलंब अगदी सारखा आणि नॉइज नाही. म्हणून म्यूटेक्सचे वर्तन सांगणारे वेगळे मॉडेल लिहिले : रिक्वेस्ट जवळ आल्या तर विजेता यादृच्छिक, विलंबही यादृच्छिक, आणि अधूनमधून मुद्दाम फार लांब. पुढचे सर्किट कुठेतरी वेळेवर विसंबले असेल तर या लांब विलंबात ते उघडे पडेल.

रिसेटची वेगळी तार लागत नाही, हेही इथेच दिसले. सर्व रिक्वेस्ट आणि मेमरीचा ॲकनॉलेज खाली असले की सगळे आपोआप शून्यावर येते. एक तार वाचली.

२७ जून

म्यूटेक्स झाला म्हणजे काम झाले असे वाटते, पण खरी गोम सोडताना आहे, धरताना नाही. हे सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढे कोणीतरी दोन गेट काढून टाकायला येणारच.

साधा जोड असा सुचतो : जी१ आणि जी२ एका ऑर गेटमध्ये, त्यातून मेमरीची रिक्वेस्ट आर. मेमरीचा ॲकनॉलेज ए परत येतो तो दोन सी-एलिमेंटमधून. ए१ म्हणजे ए आणि जी१ यांचा सी, ए२ म्हणजे ए आणि जी२ यांचा सी. मुलर यांचा सी-एलिमेंट दोन्ही इनपुट वर असले की वर जातो, दोन्ही खाली असले की खाली येतो, एरवी जिथे आहे तिथेच राहतो.

आता पहिल्याचे काम चालू असताना दुसरा येऊन उभा राहिला असे धरा. ए१ वर गेल्यावर पहिला आर१ खाली घेतो. जी१ खाली. म्यूटेक्सला तेवढेच हवे असते, तो लगेच जी२ वर करतो. पण मेमरी अजून पहिल्याच व्यवहारात आहे, तिचा ए वरच आहे. ऑर गेटमध्ये जी१ उतरला तोच जी२ चढला, म्हणून आर कदाचित खाली येतच नाही, किंवा एक बारीक ग्लिच (क्षणिक झटका) देतो. आणि दुसरीकडे ए वर, जी२ वर, म्हणजे ए२ वर. दुसऱ्याला वाटले आपले काम झाले. मेमरीने तर त्याचा पत्ता पाहिलासुद्धा नाही. पहिल्याच्या पावतीवर दुसऱ्याने माल उचलला.

उपाय दोन अँड गेटांचा आणि जुनाच आहे. जी१ पुढे जाईल तो ए२ खाली असेल तरच, आणि जी२ पुढे जाईल तो ए१ खाली असेल तरच. या गाळलेल्या ग्रँटना जीजी१ आणि जीजी२ म्हणू. ऑर आणि सी-एलिमेंट यांना आता याच मिळतात. क्रम पुन्हा चालवून पाहिला : आर१ खाली, जी१ खाली, जीजी१ खाली, जी२ वर येऊन अँडपाशी थांबलेला. आर खाली, मेमरीचा ए खाली, मग ए१ खाली. आता कुठे जीजी२ वर येतो. मेमरी पूर्ण शून्यावर आल्याशिवाय दुसऱ्याचा व्यवहार सुरूच होत नाही.

पत्ता आणि डेटाचे मल्टिप्लेक्सरही (अनेकांतला एकाचाच पुढे सोडणारे) जीजी१, जीजी२ वरच चालतील, कच्च्या ग्रँटवर नाही. आणि मल्टिप्लेक्सरचा विलंब आरच्या डिले लाइनमध्ये धरायचा.

३ जुलै

वरच्या उपायात एक गृहीतक दडलेले आहे. ए१ ची तार दोन ठिकाणी जाते, पहिल्या क्लायंटकडे (मागणीदाराकडे) आणि जीजी२ च्या अँड गेटकडे. ए१ वर गेला की क्लायंटने आर१ खाली घेऊन म्यूटेक्सने जी२ वर करण्याआधी अँड गेटला ए१ वर गेल्याचे कळलेले असायला हवे. अँडकडची फांदी फार संथ असली तर जी२ येऊन पोचतो, अँडला ए१ अजून खालीच दिसतो, आणि जीजी२ क्षणभर वर उडी मारतो. एका तारेच्या दोन्ही फांद्यांवर बदल जवळजवळ एकाच वेळी पोचतो असे धरणारा, आयसोक्रोनिक फोर्क म्हणतात तो हा.

शर्यत बरीच एकतर्फी आहे. एका बाजूला तारेचा तुकडा आणि एक इन्व्हर्टर, दुसऱ्या बाजूला क्लायंटचा प्रतिसाद, लॅचचे दोन गेट आणि साइट्झचा फिल्टर. तरीही ही अट ले-आउटच्या (चिपवर गेट आणि तारा मांडण्याच्या) यादीत पहिल्या क्रमांकावर टाकली.

९ जुलै

टूलशी झटापट. वर्णनावरून गेटांची जोडणी बनवणाऱ्या सिंथेसिस टूलला सी-एलिमेंट आणि म्यूटेक्समधले लूप म्हणजे चूक वाटते, आणि ते लूप आपल्या मर्जीने कुठेही तोडून टायमिंग मोजते. हे सेल 'हात लावू नये' म्हणून जाहीर केले आणि लूप कुठे तोडायचे ते आपणच सांगितले. टूलचा दोष नाही, त्याला लहानपणापासून क्लॉकच माहीत.

१५ जुलै

आता तिसरा. तीन पायांचे तीन नँड एकमेकांत गुंतवायची कल्पना पहिल्याच बैठकीत सोडली. तिघे एकदम आले तर निर्णयाची वाट गुंतागुंतीची होते आणि साइट्झचा फिल्टर दोघांच्या फरकावर बेतलेला आहे.

मग जोडीजोडीने तीन म्यूटेक्स : पहिला विरुद्ध दुसरा, पहिला विरुद्ध तिसरा, दुसरा विरुद्ध तिसरा. दोन्ही सामने जिंकेल त्याला मेमरी. सगळ्यांनी आपापल्या दोन्ही म्यूटेक्सवर एकदम रिक्वेस्ट टाकली तर पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा पहिल्याला, आणि तिघेही एकेक विजय धरून कायमचे बसतात. डेडलॉक. प्रत्येकाने ठरलेल्या क्रमानेच म्यूटेक्स घेतले, आधी पहिला-दुसरा, मग पहिला-तिसरा, मग दुसरा-तिसरा, तर हे चक्र तयार होत नाही. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये लॉक घेताना पाळतात तोच नियम, गेटांच्या पातळीवर.

तिसरा मार्ग झाडाचा. २७ जूनचा दोन इनपुटांचा पूर्ण ब्लॉक घ्यायचा आणि त्याचे आउटपुट तशाच दुसऱ्या ब्लॉकच्या एका इनपुटला द्यायचे. पहिला म्हणजे फांदी, मेमरीला लागलेला दुसरा म्हणजे मूळ. नवे काही आखायला नको. झाड घेतले.

२२ जुलै

झाडात कोणाला कुठे बसवायचे? दोन इनपुटांच्या म्यूटेक्सवर सतत गर्दी असली की पाळी आपोआप आळीपाळीने जाते. एकाने रिक्वेस्ट खाली घेतली की दुसरा तत्काळ शिरतो, आणि पहिल्याला नवी रिक्वेस्ट करायला ॲकनॉलेज खाली येईपर्यंत थांबावेच लागते. झाडात याचा अर्थ असा की मुळाशी थेट बसलेल्याला गर्दीत निम्मा वाटा आणि फांदीवरच्या दोघांना पाव पाव.

मुळाशी सेन्सर, फांदीवर फिल्टर आणि सिरियल. सेन्सरपुढे जास्तीत जास्त एक चालू व्यवहार. फिल्टरची वाईटात वाईट पाळी म्हणजे सेन्सरचा चालू व्यवहार, मग सिरियलचा, मग पुन्हा सेन्सरचा, आणि मग तो. तीन व्यवहार थांबणे. फिल्टरला परवडते, सिरियलला तर फरकच पडत नाही.

एक सुधारणा सुचवली गेली. फांदीवर फिल्टरचे काम संपताना सिरियल उभाच असेल तर मुळाकडची रिक्वेस्ट खाली न घेता मेमरी सरळ त्याच्या हाती द्यावी, एक फेरा वाचेल. वेग वाढेल हे खरे. पण मग फिल्टर आणि सिरियल एकमेकांना मेमरी देत राहिले तर फांदीची रिक्वेस्ट कधीच खाली येणार नाही आणि मुळाशी बसलेला सेन्सर उपाशी. आपल्या ब्लॉकमधले दोन अँड गेट दर व्यवहारानंतर सगळे शून्यावर आणतात, म्हणून मुळाचा म्यूटेक्स दर वेळी मोकळा होतो. सूचना नाकारली. शून्यावर परत येण्यात वाया गेलेला वेळ ही न्यायाची किंमत समजावी.

तरी सेन्सरचे एक उरतेच. त्याचे नमुने खऱ्या वेळेने येतात, 'थांब' म्हटले तर जग थांबत नाही, आणि आर्बिटरला निर्णयाच्या वेळेची मर्यादा नाही. म्हणून सेन्सर आणि आर्बिटर यांच्यामध्ये छोटा फिफो, म्हणजे आधी आलेला नमुना आधी देणारी रांग. एक लिहिणारा, एक वाचणारा, निवड नाही. फिफो भरून वाहण्याइतका उशीर होण्याची शक्यता टाऊवरून काढता येते आणि तिथे ३० टाऊ म्हणजे फिफोचे एक घर भरायला लागणाऱ्या वेळेचाही छोटा अंश. क्लॉकवाल्यांची संभाव्यता शेवटी आपल्याकडेही आली म्हणायचे, पण एकाच जागी आणि जिथे बाहेरचे जग लागते तिथेच.

३० जुलै

एफपीजीएवर, म्हणजे आतली जोडणी नंतर ठरवता येणाऱ्या तयार चिपवर, नमुना करावा का, यावर चर्चा. सी-एलिमेंट एका एलयूटीत (तिथल्या लॉजिकच्या छोट्या तक्त्यात) बसतो, बाकी हँडशेकही जमते. म्यूटेक्स बसत नाही. एलयूटींची जोडी रेंगाळली तर तिच्यापुढे साइट्झचा फिल्टर लावायला ट्रान्झिस्टर कुठून आणणार? व्यवहारांचा क्रम पाहण्यापुरता एफपीजीए ठीक, आर्बिटरच्या खात्रीसाठी नाही. सोडून दिले.

६ ऑगस्ट

पूर्ण झाड, तीन क्लायंट, प्रत्येक गेटाला यादृच्छिक विलंब. क्लायंट आपली खूण लिहितात आणि परत वाचतात. शिवाय एक साधी मोजणी : मेमरीने दिलेले ॲकनॉलेज आणि तिन्ही क्लायंटना मिळालेले ॲकनॉलेज यांची बेरीज जुळली पाहिजे. रात्रभर चालले, बेरीज जुळली. मग अँड गेट काढून तेच चालवले. क्लायंटांचे ॲकनॉलेज लगेच जास्त भरू लागले. तपासणी नेमकी हवी तिथे बोट ठेवते आहे.

यादृच्छिक चाचणीवर भिस्त ठेवायची नाही म्हणून सिग्नल ट्रान्झिशन ग्राफही (कोणत्या बदलानंतर कोणता बदल होतो याचा आलेख) मांडला आणि टूलकडून सर्व स्थिती तपासून घेतल्या. त्यात म्यूटेक्स वेगळा काढून ठेवावा लागतो. वर यायला निघालेले एक आउटपुट दुसऱ्याने मागे खेचणे हे साध्या लॉजिकमध्ये चालतच नाही, टूल तिथे अडते. आपल्याला ते अडायलाच हवे होते. म्यूटेक्स बाजूला ठेवल्यावर उरलेल्या सर्किटमध्ये अशी एकही जागा सापडली नाही. ७ जूनची अट पाळली गेली.

१९ ऑगस्ट

ले-आउटनंतरचे विलंब आले. ले-आउट पाहणाऱ्या सहकारीने सकाळीच सांगितले, "फांदीच्या ब्लॉकमधला ए१ बघ, अँडकडे जाताना टूलने दोन बफर टाकलेत." तोच फोर्क. फिल्टरचा ब्लॉक शेजारीच बसलेला, ॲकनॉलेज मिळाला की एका गेटात रिक्वेस्ट खाली घेतो. शर्यत अजून आपणच जिंकतो, पण संथ कॉर्नरला उरलेले अंतर बघवत नाही.

बफर काढून टाका म्हणणे सोपे, पुढच्या धावेत टूल ते पुन्हा टाकेल. त्यापेक्षा तारेची वाटच बदलली. ए१ आधी अँड गेटपाशी जाईल आणि क्लायंटकडची तार तिथूनच पुढे निघेल. आता वाटेत कितीही बफर आले तरी क्लायंटला ए१ कळतो तो अँडला कळल्यानंतरच. ए२ चेही तसेच, आणि मुळाच्या ब्लॉकचेही. क्लायंटचा प्रतिसाद किंचित संथ झाला, तेवढे चालेल.

२६ ऑगस्ट

नव्या ले-आउटवर सगळे कॉर्नर पार. हाताने आखलेल्या म्यूटेक्सचे एक्स्ट्रॅक्शन करून, म्हणजे आखणीतून तारांचे कपॅसिटन्स काढून, १८ जूनची रेषा पुन्हा काढली. तारांच्या कपॅसिटन्समुळे टाऊ वाढला आहे, तरी फिफोच्या हिशेबात बसतो. दोन नोडांच्या तारांची लांबी सारखी नव्हती, ती सारखी करून घेतली. त्याने टाऊ फारसा बदलत नाही, पण जवळच्या शर्यतीत एकाच बाजूकडे कल राहत नाही.

नेटलिस्ट (गेट आणि त्यांच्या जोडण्यांची यादी) पुढे दिली. सोबतच्या यादीत हात न लावायचे सेल, तोडलेले लूप आणि ए१-ए२ च्या तारांचा क्रम. अँड गेटांसमोर २७ जूनची तारीख लिहिली आहे.